नर हवेत कशाला, आणि मासा मादी का होतो?

विचारणाऱ्यांचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. शाळेत त्यांना नर, मादी, मीलन आणि पिल्लं एवढंच शिकवलं. पुढे वाचनात लिंग बदलणारे मासे आले, ज्यांच्यात नरच नाहीत असे सरडे आले, पिल्लं पोटाशी पिशवीत वाढवणारा नर समुद्रघोडा आला. आता ते विचारतात: हे सगळे अपवाद समजायचे का? एकट्या मादीचं भागत असेल तर नर हवेत कशाला? या सगळ्यांत सर्वांत चांगली पद्धत कोणती? आणि यातलं काही स्वतःच्या डोळ्यांनी बघता येईल का?

मी प्राणिशास्त्र शिकवते. प्रयोगशाळेत मावा (झाडांचा रस शोषणारे बारीक किडे) आणि डॅफ्निया (तळ्यातले चिमुकले कवचधारी प्राणी) अनेक वर्षं वाढवलेत, क्लाउनफिशच्या टाक्याही सांभाळल्यात. त्यामुळे उत्तरात हेच जीव जास्त येतील. 'सर्वांत चांगली कोणती' याचं एका ओळीत उत्तर नाही, हे आधीच सांगून टाकते. तो जीव किती जगतो, त्याला जोडीदार किती वेळा भेटतो, आजूबाजूची परिस्थिती किती बदलते आणि बाकीचे काय करतायत, यावर ते ठरतं. पण ते कसं ठरतं हे मात्र बरंच नेमकं सांगता येतं.

माझे विद्यार्थी जिथे अडतात तिथूनच सुरुवात करू. 'लैंगिक प्रजनन' असं आपण एका दमात म्हणतो, पण त्यात तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिली, संख्या वाढणं. दुसरी, दोन जिवांची जनुकं मिसळणं. तिसरी, युग्मकं दोन आकारांची असणं: एक मोठं अंडं आणि एक चिमुकला शुक्राणू. माणसात या तिन्ही गोष्टी एकत्रच येतात, म्हणून त्या एकच आहेत असं वाटतं. पॅरामीशियम हा एकपेशी जीव बघा. दोन पॅरामीशियम एकमेकांना चिकटतात, केंद्रकांची देवाणघेवाण करतात आणि वेगळे होतात. आधी दोन होते, नंतरही दोनच. जनुकं मिसळली, पण संख्या वाढली नाही. हायड्राच्या अंगाला कळी फुटते आणि नवा हायड्रा सुटा होतो, तेव्हा नेमकं उलट होतं: संख्या वाढली, पण मिसळलं काहीच नाही. क्लॅमिडोमोनास या शेवाळाच्या कित्येक जातींत युग्मकं मिसळतात, पण दोन्ही एकाच आकाराची असतात. तिथे नर कोण आणि मादी कोण हा प्रश्नच उद्भवत नाही. शिझोफायलम नावाच्या एका बुरशीत तर एकमेकांशी जुळू शकणारे २३ हजारांहून जास्त प्रकार आहेत.

मग नर म्हणजे नेमकं कोण? जीवशास्त्रात व्याख्या एवढीच आहे: जो लहान युग्मकं बनवतो तो नर, जी मोठी बनवते ती मादी. पार्कर, बेकर आणि स्मिथ या तिघांनी १९७२ साली दाखवलं की युग्मकं एकदा लहान-मोठी व्हायला लागली की मधल्या आकाराचा टिकाव लागत नाही. मोठ्या युग्मकात पुढच्या भ्रूणासाठी पुरेशी शिदोरी असते, लहान युग्मकं संख्येने अफाट बनवता येतात, मधल्याला यातला एकही फायदा धड मिळत नाही. या व्याख्येत पिसारा कोणाला, अंगाने मोठं कोण, पिल्लं कोण सांभाळणार, एकाच शरीरात दोन्ही युग्मकं असू शकतात का, यातलं काहीच ठरलेलं नाही. ते सगळं प्रत्येक जातीत परिस्थितीनुसार घडत जातं.

म्हणून पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर स्पष्ट 'नाही' असं आहे. हे अपवाद नव्हेत. फुलझाडांच्या जेमतेम ६ टक्के जातींत नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं असतं. म्हणजे वनस्पतींच्या जगात अपवाद म्हणायचंच झालं तर आपल्यासारख्यांना म्हणावं लागेल. प्राण्यांत कीटक बाजूला ठेवले, तर साधारण एकतृतीयांश जाती उभयलिंगी आहेत. आपण ज्यांना सहज 'प्राणी' म्हणतो ते सस्तन आणि पक्षी या सगळ्या पसाऱ्यातला एक लहानसा कोपरा आहेत.

आता नर कशाला हवेत याकडे वळू. हा प्रश्न जीवशास्त्रज्ञांनाही छळत आलाय, आणि जॉन मेनार्ड स्मिथ यांनी १९७०च्या दशकात त्याचा हिशेब चोख मांडला. समजा, प्रत्येक मादी दोन पिल्लं वाढवू शकते. नर-मादीवाल्या गटात सरासरी एक मुलगा, एक मुलगी. पुढच्या पिढीत माद्या तेवढ्याच राहिल्या. शेजारी एक मादी अशी आहे की जी फक्त मुलीच घालते, त्याही स्वतःच्या हुबेहूब नकला. तिच्या दोन, मग चार, मग आठ. दहा पिढ्यांत १०२४. मुलगा स्वतः पिल्लं घालत नाही, आणि बहुतेक जातींत ती वाढवतही नाही. त्याच्यावर केलेला खर्च म्हणजे निम्मी मिळकत गमावणं. या हिशेबाने नर केव्हाच संपायला हवे होते.

मावा हा हिशेब डोळ्यांसमोर करून दाखवतो. माव्याची मादी वसंतापासून शरदापर्यंत नराशिवाय, अंडं न घालता, थेट जिवंत मुलींना जन्म देते. प्रयोगशाळेत साधारण २० अंश सेल्सियसला एक मादी दिवसाला कित्येक पिल्लं देते आणि ती पिल्लं आठ-दहा दिवसांत स्वतः आया होतात. माझ्याकडच्या माव्याला मी रोज १६ तास उजेड देत असे. त्यात वर्षानुवर्षं एकही नर दिसला नाही. एकदा सुट्टीत दिव्याचा टायमर बिघडला, दिवस लहान झाला आणि ते लगेच कोणाच्या लक्षात आलं नाही. दोन पिढ्यांत पेट्यांमध्ये नर दिसू लागले आणि त्यांच्यासोबत अंडी घालणाऱ्या माद्याही. लहान दिवस म्हणजे हिवाळा जवळ आला, असा अर्थ त्या किड्यांच्या शरीराने काढला होता. मुलगा बनवताना आई आपल्या दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक काढून टाकते. दोन एक्स म्हणजे मुलगी, एक एक्स म्हणजे मुलगा. त्या दिवशी मी पेट्या टाकून द्यायच्या बेतात होते. मग पुढचे कित्येक दिवस त्यांच्याकडे बघत बसले, कारण 'नर केव्हा परवडतो' हे मला त्याआधी इतकं स्वच्छ कधी दिसलं नव्हतं.

भरपूर रस, उबदार हवा, कालच्यासारखाच आज: अशा वेळी नकला काढणं फायद्याचं. थंडी येणार, मावा मरणार, पुढच्या वसंतात कोण जाणे कसली झाडं, कसले शत्रू असतील: अशा वेळी जनुकं फेटून टणक अंड्यांत बंद करून ठेवणं फायद्याचं. डॅफ्नियाचंही असंच. गर्दी झाली, खाणं कमी पडलं, की नर येतात आणि कवचातली सुप्त अंडी तयार होतात. ती तळ्याच्या गाळात अनेक दशकं टिकून नंतर उबू शकतात.

पण बदलती परिस्थिती म्हणजे केवळ हवामान नव्हे. मला सर्वांत पटणारं कारण परजीवींचं आहे. परजीवी सतत बदलतात आणि जे जनुकीय कुलूप जास्त दारांना लावलेलं असतं त्याचीच किल्ली आधी बनवतात. नकला काढत गेलं की सगळ्या दारांना एकच कुलूप. न्यूझीलंडच्या तळ्यांत एक चिमुकली गोगलगाय आहे. तिच्यात नराशिवाय वाढणारे वंशही आहेत आणि नर-मादीवालेही. कर्टिस लाइव्हली यांना १९८०च्या दशकात आढळलं की जिथे परजीवी कृमी जास्त, तिथे नरांचं प्रमाण जास्त. पुढे २०११ साली सी. एलिगन्स या सूक्ष्म कृमीवर एक प्रयोग झाला. या कृमींचे काही गट फक्त स्वतःशीच फलन करणारे होते, काही फक्त दुसऱ्याशी. त्यांच्यासोबत एक घातक जिवाणू ठेवला आणि त्यालाही पिढ्यानपिढ्या बदलू दिलं. स्वतःशीच फलन करणारे गट २० पिढ्यांच्या आत नामशेष झाले, दुसऱ्याशी करणारे टिकले. स्वफलन म्हणजे अलैंगिक प्रजनन नव्हे, हा फरक लक्षात ठेवा. पण नवं मिश्रण तिथेही जवळजवळ थांबतं आणि प्रयोगाचा मुद्दा तोच आहे.

म्हणजे नराशिवाय चालतच नाही असा नियम झाला का? तसंही नाही. ब्डेलॉइड रोटिफर नावाचे पाण्यातले सूक्ष्म प्राणी आहेत. त्यांच्या ४५०च्या आसपास जाती माहीत आहेत, ते कोट्यवधी वर्षं टिकलेत आणि त्यांच्यात नर कधीच कोणाला दिसलेला नाही. ते पूर्ण सुकून जातात, पुन्हा पाणी मिळालं की जिवंत होतात आणि त्यांच्या जनुकसंचात जिवाणू-बुरशींकडून आलेली जनुकंही सापडतात. अमेरिकेच्या नैऋत्येत आणि मेक्सिकोत व्हिपटेल सरड्यांच्या अशा जाती आहेत की ज्यांच्यात फक्त माद्याच आहेत. त्या दोन वेगळ्या जातींच्या संकरातून निर्माण झाल्या. त्यातल्या एका जातीत एक मादी दुसरीवर नरासारखी चढते, काही आठवड्यांनी भूमिका उलटते आणि अशा वर्तनाने अंडी घालण्याला चालना मिळते. नर गेला, पण त्याच्या वर्तनाची शरीराला लागलेली सवय उरली. अ‍ॅमेझॉन मोली या माशाचं आणखी वेगळं. सगळ्या माद्या, पण अंडं वाढू लागायला दुसऱ्या जातीच्या नराचा शुक्राणू लागतो. तो नुसता धक्का देतो, त्याची जनुकं पिल्लात सहसा उतरत नाहीत. कोमोडो ड्रॅगनच्या माद्या नराविना पिल्लं घालू शकतात हे २००६ साली इंग्लंडमधल्या प्राणिसंग्रहालयांतून जाहीर झालं. तिथे पिल्लं सगळी नरच निघतात, कारण या प्राण्यांत मादीची लिंगगुणसूत्रं झेड आणि डब्ल्यू अशी वेगवेगळी असतात. नराविना वाढताना अंड्यातला गुणसूत्रांचा निम्मा संचच दुप्पट होतो. त्यातून दोन झेड आले तर मुलगा होतो, दोन डब्ल्यू आले तर भ्रूण जगत नाही.

सस्तन प्राण्यांना ही वाट निसर्गात बंद आहे. आपल्या काही जनुकांवर आईची किंवा बापाची अशी रासायनिक खूण असते आणि भ्रूण नीट वाढायला दोन्ही खुणा लागतात. १९८४ साली उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की दोन्ही संच आईकडचे दिले तर भ्रूण पूर्ण वाढत नाही. तेव्हा 'एकट्या मादीचं भागतं' हे कोणाबद्दल बोलतोय त्यावर अवलंबून आहे.

आता माझा सर्वांत आवडता भाग, लिंग बदलणारे मासे. क्लाउनफिश समुद्रफुलाच्या (सी अ‍ॅनिमोन या फुलासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या) विषारी शुंडकांत राहतो. एका समुद्रफुलात सर्वांत मोठी असते ती मादी, दुसऱ्या क्रमांकाचा नर, बाकीचे लहान मासे प्रजनन न करता रांगेत थांबलेले. प्रत्येक जण आपल्या वरच्यापेक्षा लहान राहील इतपतच वाढतो, नाहीतर हाकलला जाण्याची भीती. मादी मेली की नर मादी होतो आणि रांगेतला पुढचा मासा नर होतो. माझ्या टाकीत हे घडलं तेव्हा नराचं वागणं आधी बदललं. जो मासा कायम दबून, अंग थरथरवत बाजूला व्हायचा, तो दुसऱ्या दिवशीच टाकीभर दांडगाई करू लागला. अंडी मात्र काही महिन्यांनी आली. नराच्या जननग्रंथीत अंडाशयाची ऊती आधीपासूनच असते, ती सावकाश वाढते.

आणि प्रवाळभित्तींवरचा निळ्या डोक्याचा रास मासा नेमकं उलटं करतो. तिथे मोठा नर गेला की सर्वांत मोठी मादी नर होते. काही तासांत ती नरासारखी वागू लागते आणि आठ-दहा दिवसांत शुक्राणू तयार करते.

एक मासा या दिशेने, दुसरा त्या दिशेने, असं का? मायकेल गिझेलिन यांनी १९६९ साली दिलेलं उत्तर मी वर्गात असं सांगते: त्या माशाच्या जागी उभे राहा आणि विचारा, 'माझ्या या आकाराला अंडी घालून जास्त पिल्लं होतील की शुक्राणू देऊन?' क्लाउनफिशच्या घरात जोडी एकच. नर कितीही मोठा झाला तरी दुसरी मादी मिळायची नाही. पण मादी जितकी मोठी तितकी अंडी जास्त. म्हणून मोठ्याने मादी व्हावं. रास माशात मोठा नर चांगली जागा अडवतो आणि एका दिवसात कित्येक माद्यांची अंडी फलित करतो, लहान नराला तिथे थारा नसतो. म्हणून लहानपणी मादी, मोठेपणी नर. प्रश्न एकच, उत्तरं उलट. यात आणखी एक बारकावा आहे. प्रवाळभित्ती मोठी असली आणि रास माशांची गर्दी झाली की मोठ्या नराला राखण जमत नाही. मग लहान नरांचे घोळके माद्यांबरोबर सामुदायिक फलन साधतात, आणि अशा ठिकाणी जन्मापासूनच नर असलेले लहान मासे बरेच सापडतात. लहान भित्तींवर ते अगदी कमी. जात एकच, फक्त वस्ती दाट झाली आणि उत्तर बदललं. 'चांगली पद्धत कोणती' याचं माझ्याकडे यापेक्षा सरळ उदाहरण नाही.

उभयलिंगीपणालाही हाच प्रश्न लावा. गांडूळ हळू सरकतं, जोडीदार क्वचित भेटतो. प्रत्येकाकडे दोन्ही अवयव असले की भेटलेलं प्रत्येक गांडूळ कामाचं. बार्नॅकल हा समुद्रातला कवचधारी प्राणी खडकाला जन्मभर चिकटलेला, म्हणून त्याचं शिश्न शरीराच्या कित्येक पट लांब आणि शेजाऱ्यापर्यंत पोचणारं. डार्विनने या प्राण्यांवर आठ वर्षं घालवली. खोल समुद्राच्या अंधारात अँगलरफिशच्या काही जातींत चिमुकला नर मादीला एकदा सापडला की तिच्या अंगात मिसळून जातो, दोघांचं रक्त एक होतं. परकी ऊती शरीर नाकारतं, हे आपल्याला अवयवरोपणामुळे माहीत आहे. ते इथे का होत नाही याचं उत्तर २०२० साली मिळालं: या माशांनी रोगप्रतिकाराची काही महत्त्वाची जनुकंच गमावली आहेत. एक जोडीदार कायमचा जवळ ठेवण्यासाठी एवढी मोठी किंमत मोजलीय.

पिल्लं कोणी सांभाळायची याचंही तसंच. समुद्रघोड्याची मादी अंडी नराच्या पिशवीत घालते आणि पुढचं गर्भारपण त्याचं. कमळपक्ष्यांत मादी मोठी, तीच हद्द राखते आणि एकापेक्षा जास्त नरांसाठी अंडी घालते. उबवणं आणि पिल्लं वाढवणं नराकडे. तरंगत्या पानांवरची घरटी वारंवार बुडतात, खाल्ली जातात. मादी मोकळी असली की लगेच पुन्हा अंडी घालू शकते, हे कारण मला जास्त पटतं.

बाकीचे काय करतायत हा मुद्दा राहिला. कॅलिफोर्नियातल्या एका सरड्यात नरांचे गळे तीन रंगांचे असतात. नारिंगी गळ्याचा आडदांड, मोठी हद्द अडवतो आणि निळ्याला हरवतो. निळा आपल्या मादीवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवतो, म्हणून पिवळ्याची डाळ शिजत नाही. पिवळा मादीसारखा दिसतो आणि नारिंगीच्या पसरलेल्या हद्दीत हळूच शिरतो. सिनर्व्हो आणि लाइव्हली यांनी १९९६ साली हे चक्र प्रसिद्ध केलं. एक रंग फार वाढला की त्याला हरवणारा रंग वाढतो, आणि चक्र फिरत राहतं. इथे 'सर्वांत चांगला नर' असा कोणी नसतोच.

असे प्रश्न निघाले की कोणी ना कोणी माणसाचा विषय काढतंच, म्हणून माझं मत सांगते. हवाई बेटांमधल्या ओआहू बेटावर लेसन अल्बट्रॉस पक्ष्यांच्या ३१ टक्के जोड्या दोन माद्यांच्या आहेत आणि त्या पिल्लं वाढवतात, हे २००८ साली जनुकीय तपासणीतून दिसलं. एकनिष्ठ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कित्येक पक्ष्यांच्या घरट्यांत दुसऱ्या नराची पिल्लं असतात, हे १९८०च्या दशकात डीएनए तपासणी आल्यावर कळलं. त्याआधी आम्हाला उलटंच शिकवलं होतं. माणसाने कसं वागावं हे यातून सिद्ध होत नाही. ते माणसांनीच माणसांचा विचार करून ठरवायचं असतं. पण कोणी 'निसर्गात असं नसतंच' म्हणून एखाद्याला कमी लेखत असेल, तर ते विधान खोटं आहे, एवढं मी जबाबदारीने सांगते.

थोडक्यात गोळा करते. जनुकं मिसळणं महाग आहे, पण उद्याचे शत्रू आजच्यासारखे नसतील तिथे ते परवडतं. नर की मादी, आधी कोण आणि नंतर कोण, की दोन्ही एकदमच, हे आकार, एकांत आणि गर्दी यांवर ठरतं. आणि ठरलेलं कायम बरोबर राहत नाही. समुद्री कासवांत पिल्लाचं लिंग वाळूच्या तापमानावर ठरतं, उबदार वाळूत माद्या होतात. ही पद्धत कोट्यवधी वर्षं चालली. पण २०१८ साली ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तरेकडच्या हिरव्या कासवांची तपासणी प्रसिद्ध झाली, तेव्हा लहान कासवांत ९९ टक्के माद्या निघाल्या. हे मला मनापासून अस्वस्थ करतं, कारण कासवाची पिढी सावकाश बदलते आणि वाळू फार भराभर तापतेय.

आता शेवटचा प्रश्न. घरी बघता येईल, आणि त्यासाठी टाकी लागत नाही. कुठल्याही झाडाच्या कोवळ्या शेंड्यावर किंवा पानामागे मावा शोधा. दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग घ्या. घोळक्यातली सर्वांत फुगलेली, बिनपंखी मादी निवडा आणि तिच्यावरून नजर न हलवता अर्धा-पाऊण तास बसा. पहिल्या वेळी नाही दिसलं तर दुसऱ्या दिवशी बसा. नर शोधत बसू नका. हिवाळा सौम्य असतो तिथे माव्याच्या कित्येक वंशांत ते वर्षभर दिसतच नाहीत. काही वेळाने तिच्या मागच्या टोकातून एक फिकट, पाय दुमडलेलं पिल्लू सावकाश बाहेर येताना दिसेल. ते मुलगीच असेल. आणि तुम्ही बघत असताना तिच्या पोटात तिच्या मुलींचे गर्भ आधीच वाढायला लागलेले असतील.